स्वस्त वेस्टर्नपटांतील कर्तबगार नायिका : बंदूक, जमीन आणि शेवट

अमेरिकन चित्रपटसृष्टीने जगाला दिलेल्या चित्रपटप्रकारांत 'वेस्टर्न' हा सर्वांत अधिक पुरुषप्रधान मानला जातो. घोडा, बंदूक, ओसाड माळरान आणि कमी बोलणारा नायक ही त्याची ओळख. रॉबर्ट वॉर्शो या समीक्षकाने १९५४ मध्ये लिहिलेल्या 'द वेस्टर्नर' या निबंधात या नायकाच्या एकाकी प्रतिष्ठेचे मर्म उलगडले. तेथे स्त्री येते ती बहुधा पूर्वेकडील सभ्यतेची प्रतिनिधी म्हणून. नायकाने बंदूक का उचलली हे तिला समजत नाही आणि तिने ते समजून घ्यावे अशी कथेचीही अपेक्षा नसते. पुढे लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मधील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात दिग्दर्शक बड बेटिकर यांचे एक मत उद्धृत केले. नायिकेचे मोल ती नायकाच्या मनात काय उत्पन्न करते एवढ्यापुरतेच असते, स्वतःपुरते तिला काहीच महत्त्व नसते, असा त्या मताचा आशय आहे. स्त्रीवादी चित्रपटसमीक्षेत हे मत इतक्या वेळा आले आहे की ते संपूर्ण वेस्टर्नपटाचेच घोषवाक्य वाटू लागते.

येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. बेटिकर हे स्वतः कमी खर्चाचे वेस्टर्नपट करणारे दिग्दर्शक होते. रँडॉल्फ स्कॉट याला घेऊन त्यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात केलेले चित्रपट थोड्या दिवसांत आणि थोड्या पैशांत उरकलेले होते. आणि त्याच दशकात, तशाच तुटपुंज्या भांडवलावर, नेमके उलट वागणारे चित्रपटही निघत होते. त्यांत गावाचा मार्शल स्त्री होती, गुत्त्याची मालकीण स्त्री होती, चाळीस हत्यारबंद स्वार पदरी बाळगणारी जमीनदारही स्त्रीच होती. या नायिकांचे कौतुक अलीकडे होऊ लागले आहे, पण ते बहुधा एकाच निकषावर होते. तिच्या हाती बंदूक आहे, म्हणून ती सबल. हा निकष अपुरा आहे. पायाखालची जमीन कोणाच्या नावावर आहे आणि कथेचा शेवट कोण ठरवते, हे विचारल्याखेरीज त्या बंदुकीचा अर्थ लागत नाही. स्वस्त वेस्टर्नपटाने स्त्रीला बंदूक सहज दिली, जमीन नाखुशीने दिली आणि शेवट बहुतेक वेळा काढून घेतला. असे का घडले याचे उत्तर प्रथम त्या चित्रपटांच्या अर्थकारणात शोधावे लागते.

नवलाईचे अर्थकारण

१९३० च्या दशकात अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची प्रथा रूढ झाली. मुख्य चित्रपटाच्या जोडीला लागणारा दुसरा, म्हणजे 'बी' चित्रपट, पुरवण्यासाठी रिपब्लिक, मोनोग्राम, ग्रँड नॅशनल यांसारख्या लहान कंपन्या वेस्टर्नपटांचा रतीब घालीत. गाणारा काउबॉय हे त्यांचे हमखास चलनी नाणे होते. ग्रँड नॅशनलने १९३९ मध्ये डोरोथी पेज हिला घेऊन 'गाणारी काउगर्ल' उभी करण्याचा प्रयत्न केला. तीन चित्रपट निघाले आणि मालिका थांबली. ते चित्रपट विशेष चांगले नाहीत. मात्र त्यांतून एक व्यापारी हिशेब स्पष्ट दिसतो. गल्ली तीच, घोडे तेच, तबेला तोच. नायकाच्या जागी स्त्री ठेवली की फारसा खर्च न वाढता नवलाई विकता येते.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात दिलेल्या निर्णयामुळे मोठ्या स्टुडिओंना आपली चित्रपटगृहे स्वतंत्र करावी लागली. पाठोपाठ दूरचित्रवाणीने मालिकावजा वेस्टर्न घराघरांत नेला. गेल डेव्हिस हिची 'ॲनी ओक्ली' ही मालिका १९५४ पासून घरबसल्या पाहायला मिळू लागली. अशा वेळी स्वस्त चित्रपटाच्या निर्मात्याला पोस्टरवर काहीतरी वेगळे दाखवणे भागच होते. दुसरीकडे, चाळिशी ओलांडलेल्या नामांकित अभिनेत्रींना मोठे स्टुडिओ पूर्वीसारख्या भूमिका देईनासे झाले होते. जोन क्रॉफर्ड आणि बार्बरा स्टॅनविक यांच्यासारख्या अभिनेत्री या प्रकाराकडे वळल्या त्यामागे हेही एक कारण असावे. तेव्हा या नायिकांचे सामर्थ्य स्त्रीमुक्तीच्या विचारातून जन्मलेले नाही, ते बाजारातून आले आहे. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. बाजाराने उघडलेल्या फटीतून आत काय शिरले हा खरा प्रश्न आहे.

बिल्ला आणि चिखल

या दृष्टीने रॉजर कॉर्मन याचा 'गनस्लिंगर' (१९५६) बारकाईने पाहण्याजोगा आहे. कॉर्मन (१९२६-२०२४) याने आपल्या दिग्दर्शकीय कारकिर्दीचा आरंभ 'फाइव्ह गन्स वेस्ट' (१९५५) या वेस्टर्नपटाने केला आणि लगोलग 'अपाची वुमन' (१९५५), 'द ओक्लाहोमा वुमन' (१९५६) असे चित्रपट काढले. शीर्षकांतला 'वुमन' हा शब्दच सांगतो की विक्रीस काय ठेवले आहे. 'गनस्लिंगर' जेमतेम आठवडाभरात चित्रित झाला आणि त्या आठवड्यात बहुतेक दिवस पाऊस पडला. साधनसामग्री चिखलात रुतली, नायिका बेव्हर्ली गारलंड हिचा घोटा दुखावला, तर खलनायिकेची भूमिका करणारी ॲलिसन हेझ घोड्यावरून पडून हात मोडून बसली. कॉर्मनने आपल्या आत्मकथनात (१९९०) हे हाल नमूद केले आहेत. पडद्यावरही तो चिखल दिसतो, आणि का कोण जाणे, तो चित्रपटाला शोभतो.

कथा अशी : ओरॅकल या गावाचा मार्शल मारला जातो. त्याची विधवा रोझ हुड नवा मार्शल येईपर्यंत बिल्ला स्वतःच्या छातीवर लावते. पतीच्या दफनविधीच्या वेळीच ती मारेकऱ्यावर गोळी झाडते. हा प्रसंग कसलीही नाट्यमय तयारी न करता येतो. शोकाचे प्रदर्शन नाही, सूडाची प्रतिज्ञा नाही. समोर काम आले आणि तिने ते केले, एवढाच भाव गारलंडच्या चेहऱ्यावर आहे. वेस्टर्नमधील पुरुष नायकाचे जे वैशिष्ट्य वॉर्शोने सांगितले होते, कृतीविषयीचा तो अबोल संयम, तो येथे जराही न बदलता एका स्त्रीकडे आला आहे. चित्रपट तिला पुरुषी वेष चढवून विनोद करीत नाही, की 'बाई असून' असा सूर लावून धरीत नाही. स्वस्त चित्रपटाला स्पष्टीकरण देण्यास वेळ नसतो. त्याचा हा फायदा आहे.

गावात दुसरी कर्तबगार स्त्री आहे : गुत्त्याची मालकीण एरिका पेज. रेल्वे या भागातून जाणार या आशेवर ती जमिनी गिळंकृत करीत सुटली आहे आणि रोझचा काटा काढण्यासाठी ती केन मिरो या मारेकऱ्याला बोलावते. म्हणजे कायदा आणि भांडवल या दोन्ही सत्तास्थानी स्त्रिया आहेत, आणि पुरुष नायक मजुरीवर आलेला आहे. हा उलटफेर विलक्षण आहे. मात्र जमीन हवी असणे हा एरिकाचा दोष ठरतो. रोझला जमीन नको आहे, तिला केवळ पतीचे अपुरे कार्य पुरे करायचे आहे, म्हणून ती नायिका. तिचा बिल्लाही उसना आहे, मुदतीचा आहे. शेवटी, ज्याच्यावर तिचा जीव जडला त्या केनलाच ती गोळी घालते, बिल्ला नव्या मार्शलच्या हाती देते आणि गाव सोडून जाते. कॉर्मनच्या या चित्रपटात स्त्रीला अधिकार मिळाला, पण तो विधवेला मिळणाऱ्या सांभाळणुकीच्या अधिकारासारखा : वारसदार येईपर्यंत.

रेल्वेच्या वाटेवरची जमीन हा धागा 'गनस्लिंगर'ने बहुधा दोन वर्षे आधीच्या 'जॉनी गिटार' (१९५४) वरून उचलला असावा. निकोलस रे याचा हा चित्रपट रिपब्लिक कंपनीचा. त्या कंपनीच्या मानाने खर्चिक, पण मोठ्या स्टुडिओच्या मानाने साधाच. त्यावर इतके लिहिले गेले आहे की येथे एकाच मुद्द्यापुरते थांबणे पुरेसे आहे. व्हिएना (जोन क्रॉफर्ड) हिने गावाबाहेर, भावी लोहमार्गालगत, स्वतःच्या हिमतीवर जुगारगृह उभारले आहे. एरिकाची जी खलवृत्ती, तीच व्हिएनाची दूरदृष्टी. पण ही दूरदृष्टी गावाला सहन होत नाही. एमा स्मॉल (मर्सिडीज मॅककेंब्रिज) जमावाला चेतवते आणि व्हिएनाचे जुगारगृह जळून खाक होते. अखेरच्या द्वंद्वात दोन स्त्रिया समोरासमोर येतात, पुरुष बघे होतात. व्हिएना जिंकते. जिंकून तिच्याजवळ काय उरते? जॉनी उरतो. वास्तू गेली, पुरुष मिळाला, आणि या व्यवहारालाच चित्रपट सुखान्त समजतो. फ्रिट्झ लांग याच्या 'रँचो नटोरियस' (१९५२) मध्ये मार्लीन डीट्रिच हिची आल्टर कीन दरोडेखोरांना आसरा देते आणि त्यांच्या लुटीतला दहावा हिस्सा घेते. तिला तर अंती दुसऱ्यावर झाडलेली गोळी अंगावर घेऊन मरावे लागते. ॲलन ड्वान याच्या 'वुमन दे ऑल्मोस्ट लिंच्ड' (१९५३) मध्ये दोन स्त्रियांचे पिस्तूलद्वंद्व रस्त्यात रंगते, गावाची महापौरही स्त्री आहे. ड्वान मुरब्बी होता, थट्टेचा सूर त्याने शेवटपर्यंत सोडला नाही, आणि त्या थट्टेच्या आडून तो बरेच काही सांगून गेला.

चाबूकवाली

सॅम्युएल फुलर याचा 'फोर्टी गन्स' (१९५७) हा या परंपरेतील सर्वांत धीट आणि सर्वांत दुभंगलेला चित्रपट. कृष्णधवल सिनेमास्कोपमध्ये तो आरंभीच एक अविस्मरणीय दृश्य उभे करतो. पांढऱ्या घोड्यावर स्वार झालेली जेसिका ड्रमंड पुढे आणि तिच्यामागे चाळीस घोडेस्वारांची रांग, समोरून येणाऱ्या तीन पुरुषांच्या गाडीला दोन्ही अंगांनी वेढून धुरळ्यात टाकून निघून जाते. पुरुषांनी थांबायचे आणि घोड्यांना आवरायचे, एवढेच त्यांच्या हाती. पुढे लांबच लांब मेजाच्या टोकाशी बसून ती आपल्या माणसांना जेवू घालते. शेरीफ तिचा अंकित, न्यायाधीश तिच्या खिशात. जमीन, सैन्य आणि कायदा हे सारे एका स्त्रीच्या हाती एकवटलेले असे चित्र वेस्टर्नपटात क्वचितच दिसते.

फुलरने चित्रपटासाठी मुळात 'चाबूकधारी स्त्री' या अर्थाचे शीर्षक योजले होते. येथे मराठी वाचकाला मुंबईच्या पडद्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. परळच्या वाडिया मूव्हीटोनने १९३५ मध्येच नादियाच्या हाती चाबूक देऊन 'हंटरवाली' गाजवली होती. जे. बी. एच. वाडिया यांच्यावर अमेरिकन मारधाडपटांचा प्रभाव होता, हे सर्वज्ञात आहे. घोडा, मुखवटा आणि साहस यांची ही आयात होती. मात्र अमेरिकेच्या पडद्यावर ज्या स्त्रीला खुलासे द्यावे लागले, ती मुंबईत राजकन्येच्या रूपात आली आणि अन्यायाचे पारिपत्य करीत निघाली. राजकन्येला जमिनीचा हक्क सिद्ध करावा लागत नाही, हे या फरकाचे एक कारण म्हणता येईल. स्टंटपटाला प्रतिष्ठित समीक्षेने दोन्ही देशांत सारख्याच तुच्छतेने वागवले, हेही खरे.

जेसिकाची भूमिका केली तेव्हा बार्बरा स्टॅनविक पन्नाशीला टेकली होती. वादळाच्या प्रसंगात रिकिबीत पाय अडकून घोड्यामागे फरफटत जाण्याचे दृश्य तिने बदली कलावंत न घेता स्वतः दिले. धुळीतून ओढला जाणारा तो देह आणि आरंभीची ती दिमाखदार स्वारी यांच्यामध्ये चित्रपटाचा सगळा ताण सामावलेला आहे. शेवटी जेसिकाचा धाकटा भाऊ ब्रॉकी तिला ढालीसारखी पुढे धरतो आणि ग्रिफ बॉनेल सरळ तिच्यावर गोळी झाडतो. ती कोसळल्यावर भावाला ठार करतो. फुलरच्या मूळ कल्पनेत ती त्या गोळीने मरणार होती. स्टुडिओला ते मानवले नाही. म्हणून ती वाचते, आणि निघालेल्या ग्रिफच्या गाडीमागे धावत सुटते. ज्या स्त्रीमागे चाळीस घोडे धावत होते ती एका घोडागाडीमागे पायी धावते आहे! हा शेवट दयेचा म्हणून योजला गेला. प्रत्यक्षात तो मृत्यूहून अधिक कठोर आहे. फुलरच्या शेवटात ती निदान स्वतःच्या उंचीवर मेली असती.

हे शेवट केवळ दिग्दर्शकांच्या संकुचितपणामुळे घडले असे मानणे अन्यायाचे होईल. स्वस्त चित्रपटाला वितरक हवा असतो, आणि वितरकाला ओळखीचा शेवट हवा असतो. शिवाय निर्मितीसंहितेचा अंमल अद्याप होता. आरंभ पोस्टरसाठी, शेवट वितरकासाठी. नायिकेचे खरे राज्य असते ते मधल्या तासाभरात. संहिता गेल्यानंतरही सवय गेली नाही. बर्ट केनेडी याच्या 'हॅनी कॉल्डर' (१९७१) मध्ये रॅकेल वेल्च आपल्यावरील बलात्काराचा आणि पतीच्या हत्येचा सूड घेते. त्यासाठी ती नेमबाजी शिकते एका पुरुषाकडून, आणि कॅमेरा तिच्या नेमापेक्षा तिच्या अंगावरील पोंचोकडे अधिक लक्ष देतो. बंदूक हा सामर्थ्याचा पुरेसा पुरावा नव्हे, हे सांगायला याहून स्पष्ट उदाहरण नको.

नाव नसलेली बाई

बदल घडला तो पैसा वाढल्याने नव्हे, आणखी घटल्याने. माँटी हेलमन याने १९६५ मध्ये युटाच्या वाळवंटात 'द शूटिंग' आणि 'राइड इन द व्हर्लविंड' हे दोन चित्रपट पाठोपाठ चित्रित केले. पडद्यामागे पैसा कॉर्मनचाच होता, प्रत्येकी सुमारे ७५ हजार डॉलर. 'द शूटिंग'ची पटकथा ॲड्रियन जॉइस या टोपणनावाने कॅरल ईस्टमन या लेखिकेने लिहिली. तिनेच पुढे 'फाइव्ह ईझी पीसेस' (१९७०) लिहिला.

या चित्रपटात मिली पर्किन्स हिने साकारलेल्या स्त्रीला नावच नाही. ती दोन पुरुषांना पैसे देऊन वाटाडे म्हणून घेते, कोठे जायचे ते सांगते, का जायचे ते सांगत नाही. धडधाकट घोडा गोळी घालून मारते. सोबत्यांशी उर्मटपणे वागते, पाण्याची, माणसांची, जनावरांची पर्वा करीत नाही. मागाहून जॅक निकल्सनचा भाडोत्री मारेकरी येऊन मिळतो, तोही तिच्याच पगारावर. प्रेक्षकाला तिच्याविषयी सहानुभूती वाटावी अशी कोणतीही सोय पटकथेने केलेली नाही. गतपती नाही, जळालेले घर नाही, अत्याचाराची स्मृती उघड करणारा प्रसंग नाही. सूडाचा अंदाज बांधता येतो, इतकेच. वेस्टर्नमधील अनाम पुरुष नायकाला जो हक्क न मागता मिळतो, स्वतःचा भूतकाळ न सांगण्याचा, तो येथे प्रथमच पूर्णपणे एका स्त्रीला मिळाला आहे. ती आवडत नाही. आवडावी अशी अटच काढून टाकली आहे. आणि शेवट? उभ्या खडकांवर ती पुढे, वॉरन ओट्सचा गॅशेड मागे, गोळ्यांचा आवाज, एक चेहरा, आणि चित्रपट तुटल्यासारखा संपतो. अमेरिकेत हा चित्रपट मोठ्या पडद्याऐवजी दूरचित्रवाणीच्या वाटेने प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. ज्या चित्रपटाला वितरकच मिळत नव्हता त्याचा शेवट सुधारून मागायला कोणी उरले नव्हते.

मॅगी ग्रीनवाल्ड हिच्या 'द बॅलड ऑफ लिटल जो' (१९९३) मध्ये घराबाहेर काढलेली जोसेफिन स्वतःच्या गालावर वस्तऱ्याने वार करून घेते आणि पुरुषाच्या वेषात मेंढ्या राखीत आयुष्य काढते. कथेला जो मोनाहन या प्रत्यक्ष होऊन गेलेल्या व्यक्तीचा आधार आहे. तिला जमीन मिळते, टिकतेही, पण स्त्री म्हणून नव्हे. या एका अटीतच चित्रपटाने सगळे सांगून टाकले आहे. उत्तरार्धातील संथपणा त्यामुळे क्षम्य वाटतो.

ठासणीची बंदूक

या सगळ्या चर्चेत एक अडचण उरतेच. व्हिएना, जेसिका, एरिका ज्या जमिनीसाठी झगडतात ती मुळात मूलनिवासींची. 'अपाची वुमन'मध्ये मिश्र रक्ताच्या नायिकेची भूमिका जोन टेलर या गोऱ्या अभिनेत्रीने केली आहे. प्रश्न मांडून तो रंगभूषेत बुडवण्याचा हा मार्ग त्या काळी सर्रास होता. स्त्रीच्या हक्काची कथा दुसऱ्याच्या हक्कहरणावर उभी आहे, याची जाणीव या चित्रपटांना जवळजवळ नाही.

ती जाणीव केली रायकार्ट हिच्या 'मीक्स कटऑफ' (२०१०) मध्ये आहे. १८४५ मध्ये स्टीफन मीक या वाटाड्याच्या भरवशावर सुमारे हजार माणसे ऑरेगनच्या रुक्ष पठारावर भरकटली होती. रायकार्टने तो तांडा तीन कुटुंबांवर आणला. यात पैशाची ओढ असेलच, पण ती सार्थकी लागली आहे. पडद्याची चौकट जवळजवळ चौरस आहे. स्त्रियांच्या डोक्यावरच्या कापडी टोपड्यांतून जेवढे दिसेल तेवढेच प्रेक्षकाला दिसते. पुरुष दूर उभे राहून मार्गाचा निर्णय करतात, आणि स्त्रियांना, म्हणजे प्रेक्षकालाही, त्यातले अर्धेमुर्धे शब्द ऐकू येतात.

एमिली टेथेरो (मिशेल विल्यम्स) हिला वाटेत एक मूलनिवासी पुरुष दिसतो. ती गाडीकडे धावते, ठासणीची बंदूक काढते, दारू भरते, गोळी ठासते, इशाऱ्याचा बार काढते, आणि दुसऱ्या बारासाठी हे सगळे पहिल्यापासून करते. कॅमेरा तिला घाई करू देत नाही. पन्नास-साठ वर्षांच्या वेस्टर्नपटांनी बंदुकीला विजेच्या चपळाईचे प्रतीक केले होते. येथे ती चूल पेटवणे, दळणे, धुणे यांसारखेच एक वेळखाऊ काम होऊन जाते. पुढे पकडलेल्या त्या पुरुषाचे फाटके पादत्राण एमिली शिवून देते. करुणा म्हणून नव्हे. त्याने आपले काही देणे लागावे, असा तिचा स्वच्छ हिशेब आहे. तिच्या मनातही पूर्वग्रह आहेतच. रायकार्ट तिला साध्वी करीत नाही.

मग मीक त्या माणसावर पिस्तूल रोखतो आणि एमिली मीकवर बंदूक रोखते. तिला ती बंदूक भरायला किती वेळ लागतो हे प्रेक्षकाने पाहिलेले आहे. एकच बार हाती आहे हेही त्याला ठाऊक आहे. ती झाडत नाही. मीक माघार घेतो. काही वेळाने तांडा एका अर्धवट वाळलेल्या झाडापाशी येतो. पाणी जवळ आहे की सगळे संपले आहे, कोणालाच सांगता येत नाही. मीक कबूल करतो की आता निर्णय त्याचा नाही. सगळ्यांच्या नजरा एमिलीकडे वळतात. ती फांद्यांमधून पाहते : तो मूलनिवासी पुरुष पाठ फिरवून माळावर एकटाच चालत निघाला आहे, त्याच्याच प्रदेशात, त्याला ठाऊक असलेल्या दिशेने.